धनुष्यासमोर उभं राहायचं

आमच्या मोहल्ल्यात एक रीत होती. नवं धनुष्य पहिल्यांदा ओढलं जाई तेव्हा ते बनवणाऱ्यानं त्याच्यासमोर उभं राहायचं. तीर लावत नसत. घरातल्या मोठ्या माणसानं धनुष्य हातात घ्यायचं, दोरी कानापर्यंत ओढायची, पाच श्वास तशीच धरायची आणि मग सावकाश सोडायची. तेवढा वेळ बनवणाऱ्यानं हातभर अंतरावर, तोंड धनुष्याकडे करून, डोळे उघडे ठेवून उभं राहायचं. लाकूड मोडलं तर चिरफळ्या त्याच्या तोंडावर. जो न हलता उभा राहिला त्याला दुसऱ्या दिवसापासून बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवर मरळ मासा मारायला स्वतःची जागा मिळे, आणि म्हातारेसुद्धा त्याला ‘भाऊ’ म्हणत. नदीपलीकडच्या गावांत ही रीत कोणाला माहीत नव्हती. पुढे नोकरीत मी कधी सांगितली तर लोकांना वाटे, हा गंमत करतो. माझ्या बापाच्या डाव्या गालावर कानापासून ओठापर्यंत एक पांढरी रेघ होती. त्या रेघेवर दाढी उगवत नसे.

आम्ही ढिवर. बोडीत जाळं टाकायचं, धानाच्या दोन बांध्या करायच्या, उरलेले दिवस दुसऱ्याच्या बांधीत मजुरी. धनुष्य लागे ते मरळ मारायला. पावसाळ्यात मरळ पिलं घेऊन फिरते. पिलं लाल, बोटाच्या पेराएवढी. पाण्यावर शेंदूर सांडल्यासारखा त्यांचा झुबका दिसतो आणि त्याच्या खाली मरळ असते. एरवी माणसाची सावली पडली तरी ती चिखलात जाते, पण पिलं असताना जागा सोडत नाही. म्हणून तेव्हाच मारायची. तीराला बारीक दोरी बांधलेली असते, तिनं मासा ओढून घ्यायचा. पिलं बराच वेळ त्याच जागी गोल फिरत राहतात.

मी बी.ए. झालो तेव्हा आमच्या गावात एसटीडीचा पिवळा डबा नुकताच आला होता. आरमोरीला सायकलनं जाऊन-येऊन मी शिकलो. मोहल्ल्यातला पहिला. हे मी आजही छाती काढून सांगतो, कारण त्यात कोणाची मेहेरबानी नव्हती. मार्कलिस्ट घरी आणली त्या दिवशी बाप जाळं शिवत बसला होता. त्यानं हात लुंगीला पुसले, कागद उलटा-पालटा केला आणि म्हणाला, “यात मासा बांधता येते का गा?” आठवडाभरानं माझ्या मार्कलिस्टच्या झेरॉक्समध्ये त्यानं तंबाखू बांधलेला मी पाहिला. माय म्हणाली, “वाचता येत नाई त्याले, चुकून घेतला असन.” चुकून घेतलेला नव्हता. वरच्या फळीवर वहीत ठेवलेली झेरॉक्स चुकून कोणी काढत नाही.

त्याच वर्षी मी वनरक्षकाचा फॉर्म भरला. धावणं झालं, पंचवीस किलोमीटर चालणं झालं. राहिली डॉक्टरची तपासणी, त्यात मुख्य म्हणजे डोळे. ती पोळ्यानंतरच्या सोमवारी होती. बापाला हे सगळं माहीत होतं. मोहल्ल्यालाही माहीत होतं, कारण मीच सांगत फिरत होतो.

उन्हाळ्यातच बाप मला म्हणाला होता, “नौकरीवर जाशीन तं जा. पन धनुष्य न बनवता गेला तं लोकं म्हनतीन, याच्या पोराले हातच नाई.”

“बनवतो ना,” मी म्हटलं.

“समोर उभा राह्यशीन?”

“राहीन.”

त्यानं आणि काकानं हिवाळ्यातच जंगलातून धामणाच्या लाकडाचे दोन ओंडके आणले होते. धामण लवचीक, त्याची कावड खांद्यावर नाचते पण तुटत नाही. धनुष्याला त्यासारखं लाकूड नाही. पाचर मारून ओंडके उभे फाडले होते आणि कामाचे निघाले ते दोन फाके चुलीवरच्या माळ्यावर धुरात वाळत ठेवले होते. त्यातला सरळ फाका बापानं स्वतःच्या कावडीसाठी काढून घेतला. दुसरा माझ्या पायाजवळ टाकला. असा टाकला की मला पाय मागे घ्यावा लागला.

तो फाका आधी डावीकडे, मग उजवीकडे वळलेला होता. एका टोकाला पीळ. लाकडाची नस तर नागमोडी, वाळूवर पाणी उतरून गेल्यावर राहतात तशा लहरी. आणि मुठीच्या जागेच्या वर, पाठीवर, दोन बोटं रुंद टेंगूळ.

काका आमच्या शेजारीच राहायचा. बापाचा धाकटा भाऊ. बापाला घाबरायचा आणि त्याची भरपाई दुसऱ्यांची टिंगल करून करायचा. तो म्हणाला, “भाऊ, याचं धनुष्य होते का जिलेबी?”

“बी.ए. झाला तो,” बाप म्हणाला. “त्याले जमते.”

पुढं काम संपेपर्यंत त्यानं मला दोनच गोष्टी सांगितल्या. पहिली: “पाठीले हत्यार लावाचं नाई. पोट खाय.” म्हणजे धनुष्याची जी बाजू माणसाकडे नसते, झाडाच्या सालीकडची, ती पाठ; तिच्यावरून फक्त साल काढायची, खालचा थर जसा असेल तसा अखंड ठेवायचा. खाच, उंचवटा, लहर, काही असो. सगळं कोरायचं ते पोटाकडून. दुसरी: “नस जाईन तसा जा. तुह्या मनानं जाऊ नको.” हे दोन्ही त्यानं शिकवायच्या आवाजात सांगितलं नाही. बैलाला सांगतात तसं सांगितलं.

मी ते काम मन लावून केलं, हे कोणी मान्य करो न करो. कोळशानं पाठीवर एक नस या टोकापासून त्या टोकापर्यंत आखली. ती जिथं वळली तिथं मी वळलो. वासल्यानं पोट उतरवलं, मग विळ्यानं, मग फुटक्या बाटलीच्या काचेनं खरवडलं. काचेखाली पिठासारखा भुगा पडे आणि त्याला कच्च्या काकडीसारखा वास येई. पीळ काढायला मोहाच्या बियांचं तेल चोळून ती जागा निखाऱ्यावर धरली, गरम असतानाच दाराच्या फटीत अडकवून उलट वळवली आणि थंड होईपर्यंत तशीच दाबून ठेवली. तीनदा केलं तेव्हा पीळ निघाला. दोरी लावून धनुष्य खुंटीला टांगायचं, दोरी खाली ओढून दोन्ही बाजू सारख्या वाकतात का ते बघायचं, जी बाजू ताठ ती अजून खरवडायची. तळहाताला फोड आले, फुटले, त्यावर तेल लागलं. बाप येता-जाता बघायचा. एकदा म्हणाला, “डॉक्टरले हात बी दाखवजो.”

शेवटी धनुष्य तयार झालं. वाकडं होतं. समोरून बघितलं तर सापासारखं. पण दोरी बरोबर मुठीच्या मध्यावरून जात होती, आणि ओढलं की दोन्ही टोकं सोबत यायची. मला ते फार सुंदर वाटलं. मी ते दारात उभं करून ठेवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून.

काकाला दिसलं. तो थांबला, मान वाकडी करून बघितलं आणि गल्लीभर ऐकू जाईल असा हसला. “अरे, यानं तं बेडूक गिळला! पाहा गा, साप बेडूक गिळून बसला!” टेंगळाला बोट लावून त्यानं दोन-चार जणांना बोलावून दाखवलं. बायका पाण्याला चालल्या होत्या, त्याही हसल्या. बापानंही मान वळवून बघितलं, आणि हसला. माझ्या आठवणीत माझ्या कामावर तो पहिल्यांदाच हसला होता.

सगळे गेल्यावर मी सुताराकडून रंधा मागून आणला आणि टेंगूळ सपाट केलं.

चार-पाच हात मारले असतील. मग बघितलं, तर पाठीवर आंब्याच्या कोयीच्या आकाराची जागा उघडी पडली होती. एकात एक तीन थर कापलेले, आणि कोळशानं ज्या नसेचा माग मी इतके दिवस काढला ती नस त्या जागेत शिरून तिथंच संपत होती. मला शिकवायची गरज नव्हती. ओढलं की तिथूनच उचकटणार. दुसरं लाकूड नव्हतं, आणि सोमवार आठ दिवसांवर होता. मी कंदिलाची काजळी तेलात कालवली आणि सगळं धनुष्य एकसारखं काळं केलं.

दोन दिवसांनी सकाळी माणसं अंगणात जमली. पंधराएक असतील. बापानं धनुष्य हातात घेतलं, पाठीवरून अंगठा फिरवत नेला. मुठीच्या वर अंगठा थांबला. तिथंच त्यानं तो दोनदा मागंपुढं केला. माझ्याकडे बघितलं.

“काही सांगाचं हाये का?”

“नाई,” मी म्हटलं.

“डोळे उघडे ठेवजो.”

मी हातभर अंतरावर उभा राहिलो. बापाच्या गालावरची रेघ माझ्या डोळ्यांसमोर, आणि तिच्या पुढे माझं धनुष्य. तो ओढू लागला. दोरी छातीपर्यंत आली. लाकडातून बारीक आवाज आला, कट् असा; नवं धनुष्य कधीकधी करतं तसा. त्या एका आवाजात मला डॉक्टरचा तक्ता दिसला, त्याच्यावरची अक्षरं दिसली.

मी बाजूला सरकलो. सरकलोच नाही तर हात तोंडासमोर धरून म्हणालो, “बाबा, थांब! नस कापली गेली!”

बाप थांबला. दोरी छातीपर्यंतच होती, सोडली नाही.

“कोनं कापली?”

“म्या.”

“कवा?”

“परवा. काका हासला म्हनून.”

काका म्हणाला, “आता माह्यावर आलं!” आणि सगळे हसले. बाप हसला नाही. माझ्याकडे बघत त्यानं दोरी कानापर्यंत ओढली. मी उभा होतो ती जागा रिकामीच होती. एक श्वास, दोन, तीन, चार, पाच. सहावा. सातवाही. मग त्यानं सावकाश सोडली, आणि परत ओढली. अकरा वेळा ओढली. मी मोजत होतो. धनुष्य मोडलं नाही.

काकानं घोषणा केली, “धनुष्य पास, बाबू नापास.”

मोहल्ल्यात ती ओळ पुढं वर्षानुवर्षं राहिली. मी परीक्षा तर पास होतच राहिलो. सोमवारी डॉक्टरनं माझे डोळे तपासले, दोन्ही उत्तम. एटापल्लीकडे नोकरी लागली. अंगावर खाकी आली, जंगलात लोक मला साहेब म्हणू लागले. गावी आलो की तेच म्हातारे म्हणत, “आला का गा बाबू?” पाळीवर मला जागा नव्हती. ती मी मागितलीही नाही.

ते धनुष्य बापानं स्वतःसाठी ठेवून घेतलं. स्वतःचं चांगलं धनुष्य काकाला दिलं, आणि माझ्या धनुष्यानं मरळ मारू लागला. पावसाळ्यात मी रजेवर येणार असलो की तो आधी बोडीवर जाऊन यायचा. माय रस्सा करायची. बाप डोक्याचा तुकडा स्वतःच्या हातानं माझ्या ताटात टाकायचा आणि म्हणायचा, “घे. तुह्या मोडक्या धनुष्याची मरळ.”

मी खायचो. दर पावसाळ्यात, दहा वर्षं. माझ्या लग्नानंतर बायकोच्या समोरसुद्धा. ती पहिल्यांदा हसली, तिला वाटलं सासरा लाडानं म्हणतो. तिला मी नंतर सगळं सांगितलं, पण टेंगळाचं सांगितलं नाही. आणि प्रत्येक वेळी जेवताना मी मनात तेच म्हणत होतो: नस कापली गेली होती, मी डोळ्यांनी पाहिली होती, ते मोडायलाच पाहिजे होतं.

गावात मोबाईलचा टॉवर उभा राहिला त्या वर्षी बापाला लकवा मारला. डावं अंग गेलं. जीभ जड झाली, शब्द लोळत बाहेर यायचे. छपरीत त्याची खाट, आणि खाटेच्या वर खुंटीला धनुष्य, दोरी काढून ठेवलेलं. काम नसताना दोरी काढायची आणि लाकूड सावलीत ठेवायचं, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. ताणून उन्हात ठेवलेलं धनुष्य चार दिवसांत लाकूड राहत नाही, सरपण होतं.

वैशाखात मी आठ दिवसांच्या रजेवर आलो. दुसऱ्या दिवशी धनुष्य खाली काढलं, दोरी चढवली आणि समोरच्या कुडावर अडकवून ठेवलं, दिवसभर ऊन लागेल असं. खाटेवरून ते बापाला बरोबर दिसत होतं.

तासाभरानं त्यानं उजवा हात उचलला. बोटांनी दोरी उतरवायची खूण केली. मी बघत होतो. त्यानं परत केली.

“राहू दे ना बाबा,” मी म्हटलं. “बरं दिसते तसं.”

माय आतून आली. “काऊन हात हालवून राह्यला गा हा?”

“पानी मागून राह्यला असन.”

तिनं पेल्यात पाणी आणून त्याच्या तोंडाला लावलं. त्याला नको होतं. अर्धं गळ्यावरून बनियनमध्ये गेलं. पेल्याच्या वरून तो माझ्याकडेच बघत होता. चार दिवस तो रोज खूण करायचा, आणि माय रोज पाणी द्यायची.

पाचव्या दिवशी सकाळी मी काकाला बोलावलं, अजून पाच-सहा जणांना बोलावलं. म्हटलं, एक गोष्ट दाखवायची आहे. बापाची खाट दोघांनी अंगणात आणली. मग ती मी स्वतः सरकवली. अंतर हातानं मोजलं. पाठीमागं गोधडी लावून त्याला बसतं केलं, तोंड माझ्याकडे.

काकाच्या तेव्हा लक्षात आलं. “अबे, बुढ्ढ्याच्या तोंडासमोर?”

“काका, धनुष्य पास कोनं केलं?”

“त्यानं.”

“मंग समोर त्यानंच राहावं.”

काका खाटेपासून मागं सरकला. तो बापाला घाबरायचा, आता मला घाबरला. खाकी पँट मी मुद्दामच घातली होती.

मी दोरी ओढली. धनुष्य कोरडं झालं होतं, हाताला दगडासारखं लागत होतं. कानापर्यंत आणलं. बाप डोळे उघडे ठेवून होता. पहिला श्वास. दुसरा. तिसऱ्याला ते मोडलं. आवाज असा झाला की झाडावरचे कावळे उडाले. एक तुकडा माझ्या हातात राहिला, दुसरा दोरीला लोंबकळून माझ्या मांडीवर आपटला, आणि वीतभर चिरफळी बापाच्या डाव्या हाताच्या मनगटात शिरली.

त्याला कळलं नाही. त्या हाताला काही कळतच नव्हतं. रक्त गोधडीवर येऊ लागलं तेव्हा आमच्या नजरा बघून त्यानं खाली बघितलं. दुसऱ्या कोणाचा तरी हात आपल्या खाटेवर पडला आहे, असं बघितलं.

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. दहा वर्षांपासून होतं. मी म्हणालो, “पाहा बाबा. इथीच. म्या सांगतलं होतं.”

काकानं माझ्या हातातला तुकडा घेतला. काजळी केव्हाच उडाली होती. रंध्यानं कापलेली ती कोयीएवढी जागा स्पष्ट दिसत होती. त्यानं तिच्यावरून अंगठा फिरवला, बापानं फिरवला होता तसाच. मग मोडलेलं टोक बघितलं.

“इथी कुठी?” तो म्हणाला. “हे तं मुठीच्या खाली मोडलं. जिथी नस चांगली होती तिथी. तुही जागा तं जशीच्या तशी हाये.”

मी बघितलं. तसंच होतं. कापलेल्या जागेवर केसाएवढीही चीर नव्हती.

माय हळद घेऊन धावत आली. तिनं चिरफळी उपटली, हळद दाबली, पदर फाडून बांधला आणि एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. बापाचे ओठ हलत होते. उजव्या बाजूचे हलत, डावी बाजू तशीच. काका खाली वाकला. मीही ऐकत होतो.

“म्या,” बाप म्हणाला. मग बराच वेळ जीभ फिरवत राहिला. “म्या... हटलो... नाई.”

तोंडाच्या उजव्या बाजूनं तो हसत होता.

काकानं त्याचा चांगला हात हातात घेतला. “नाई भाऊ,” तो म्हणाला. “तू नाई हटला.” मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, “बाबू, खाट सावलीत घे.”

मी एका बाजूनं धरली. दुसरी बाजू मायनं धरली.